सुभेदारांचा परतीचा सामना

सुभेदार भास्कर इंगवले यांनी सहा वर्षं फुटबॉलचं नाव तोंडातून काढलं नाही, ही गोष्ट लखनऊच्या महानगर भागातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होती. खरं तर ती जरा जास्तच ठाऊक होती. आमच्या माणसांना एकमेकांच्या घरातलं स्वतःच्या घरातल्यापेक्षा नीट दिसतं, त्याला इलाज नाही.

माणूस कोल्हापूरचा. तिकडे पोराला दात येण्याआधी पेठेचा फुटबॉल संघ येतो. भास्कररावांनी सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली सोळा रेजिमेंटच्या संघाला फुटबॉल शिकवण्यात. शेवटचं पोस्टिंग लखनऊ छावणीत झालं आणि कपूरथला बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर बांधून ते इथेच राहिले. एकुलता एक मुलगा संग्राम त्यांच्याच हाताखाली गोलकीपर झाला, खेळाच्या जोरावर सैन्यात लागला, हवालदार झाला. आणखी पाच वर्षं थांबला असता तर पेन्शन पक्की होती. तो थांबला नाही. समुद्रकाठच्या एका क्लबाने बोलावलं तसं त्याने सैन्यातून नाव कापून घेतलं आणि देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये खेळायला गेला.

निघताना तो पाया पडायला वाकला, तर सुभेदारांनी पाय मागे घेतले. ‘‘वर्दी उतरवून नाचायला चाललास. जा,’’ एवढंच बोलले. त्या दिवसापासून टीव्हीवरचे खेळाचे चॅनेल बंद झाले. सकाळी पेपर आला की खेळाचं शेवटचं पान वाचण्याआधीच बुटांखाली जाई. मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी नातवाने चेंडू आणला, तर सुभेदार हातातला मोदक ताटात ठेवून उठून गेले. तेव्हापासून त्यांच्यासमोर फुटबॉल हा शब्द उच्चारायची चोरी झाली.

आता यातली गंमत ऐका. रोज पहाटे फिरायला म्हणून हे गृहस्थ थेट छावणीपर्यंत जात. तिथल्या मैदानावर पोरं खेळत. सुभेदार मैदानाकडे पाठ करून बाकावर बसत आणि चेंडूच्या आवाजावर पुटपुटत, ‘‘डावीकडं दे, लेका, डावीकडं.’’ बँकेतून निवृत्त झालेल्या चारुदत्त रिसबुडांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि दुपारच्या आत सतरा घरांत पोचवलं होतं. सुभेदारांच्या पत्नी मालिनीताई यांनाही ते पोचलं. त्या हसल्या नाहीत. देवापुढे साखर ठेवली.

यंदा लखनऊचा नवा संघ त्या वरच्या लीगमध्ये आला. लीग मुळात भरणार की नाही याचाच महिनोन्‌महिने घोळ चालला होता. अखेर कशीबशी ती उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू झाली. एप्रिलातल्या एका रविवारी चार वाजता गोमतीपारच्या मैदानावर सामना ठरला, लखनऊ विरुद्ध संग्रामचा क्लब.

संग्रामचा आईला फोन आला. इतकी वर्षं बाहेर राहून त्याची मराठी अर्धी हिंदीच झाली होती. ‘‘आई, गेटवर तुझ्या नावाचे दोन पास ठेवतो. घुटना अब साथ नहीं देता. हे माझं शेवटचं वर्ष आहे. बाबांना आण. एकदा बघू दे त्यांना, मी नाचत नव्हतो.’’

मालिनीताईंनी शब्दन्‌शब्द नवऱ्याला सांगितला. सुभेदार बूट पुसत होते. बराच वेळ त्यांनी एकच बूट पुसला.

‘‘पहिला सामना कुणाच्या घरी हाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अहो, आपल्याच गावात.’’

‘‘मग तो पाहुणा. पाहुण्यानं घरी यायचं असतंय. पुढं परतीचा सामना त्याच्या गावात होईल, तेव्हा आपण पाहुणं. मी स्वतः त्याच्या दारात जाईन, त्याच्या मैदानावर बसून त्याचा खेळ बघीन. रीतच हाय ती. आधी त्यानं यायचं, मग मी.’’

मालिनीताईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. सोळा वर्षं संघ घडवलेला माणूस सांगतोय म्हणजे तसंच असणार, असं त्यांनी धरलं. उलट त्यांना बरंच वाटलं. सहा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा मुलाच्या दारात जायची भाषा करत होता.

त्या रविवारी सकाळी सुभेदार पिशवी घेऊन मटण आणायला गेले. दोन माणसांच्या घरात दोन किलो मटण बघून दुकानदारही चकित झाला. ‘‘क्या साहब, दावत है?’’

‘‘मला खावंसं वाटलं,’’ सुभेदार मराठीतच गुरगुरले. मग घरी येऊन बायकोला म्हणाले, ‘‘पांढरा रस्सा जरा जास्त कर. उरला तर उरला.’’

मालिनीताई एकट्याच मैदानावर गेल्या. इकडे सुभेदारांनी रेजिमेंटचा ब्लेझर चढवला, टाय बांधला आणि चाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात बैठकीतल्या खुर्चीवर ताठ बसले. समोरच्या गॅलरीतून रिसबूड बघत होते, हे सांगायला नकोच.

सहा वाजता फोन वाजला.

‘‘अहो, सामना संपला,’’ मालिनीताई म्हणाल्या. ‘‘एक-शून्यनं हरले ते. संग्राम माझ्याजवळ गेटवर उभा आहे. सव्वासातला त्यांची बस विमानतळावर निघते. तो म्हणतो, बाबांना म्हणावं या, मी थांबलोय.’’

‘‘त्याला म्हण, रस्सा तयार हाय, घरी ये.’’

पलीकडे कुजबुज झाली. ‘‘तो म्हणतो, मी पास ठेवला होता. ते आले नाहीत. आता निदान गेटपर्यंत तरी...’’

‘‘मी म्हणतोय, पाहुण्यानं घरी यायचं.’’

‘‘अहो, रिक्षानं पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे!’’

‘‘मग त्यालाही पंचवीसच लागतील की.’’

हिशेब चोख होता. त्या पंचवीस मिनिटांच्या एका टोकाला बाप ब्लेझर घालून बसला होता आणि दुसऱ्या टोकाला मुलगा गुडघ्याला बर्फ बांधून उभा होता. दोघे एकाच मातीचे. सव्वासातला बस सुटली.

मालिनीताई घरी आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. सुभेदारांनी स्वतः उठून त्यांना पाणी दिलं. ‘‘रडतीस कशाला? पहिला सामना बरोबरीत सुटला असं समज. दुसरा हाय अजून. तिथं मीच जाणार हाय, मग काय?’’ आणि त्यांनी रस्सा दोनदा वाढून घेतला. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली, हे मालिनीताईंनी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या दिवसांत सुभेदारांचं रूपच पालटलं. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली. ब्लेझर धुवायला गेला. कपूरथला बाजारात जाऊन त्यांनी संग्रामसाठी चिकनकारीचा कुर्ता घेतला. दुकानदाराने माप विचारलं तर ‘‘खांदे माझ्याएवढे, उंची दोन बोटं जास्त,’’ म्हणाले आणि चार कुर्ते अंगाला लावून पाहिले. गल्लीतल्या भाजीवाल्या भैयालाही त्यांनी आपणहून सांगून टाकलं, ‘‘समंदर देखने जा रहे हैं.’’ बायका कुजबुजल्या, म्हातारा तीर्थयात्रेला निघाला की काय! हिशेबाने परतीचा सामना दोनेक महिन्यांनी येणार, तेव्हा घाई नव्हती. तारीख तेवढी कळायची होती. त्या रविवारपासून संग्रामने आईलाही फोन केला नव्हता. आणि सहा वर्षं ज्याने फुटबॉलचा पेपर बुटाखाली घातला, त्याला ती विचारायची लाज वाटत होती.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी लाज गिळून ते रिसबुडांकडे गेले. चहा झाला, पंख्याची तक्रार झाली, आंब्याचे भाव झाले. मग सुभेदार घसा खाकरून म्हणाले, ‘‘रिसबूड, तुम्ही ते बघता म्हणे. फुटबॉल.’’

रिसबुडांच्या हातून कप निसटता निसटता राहिला. ‘‘अधूनमधून, सुभेदारसाहेब.’’

‘‘लखनऊचा परतीचा सामना कधी हाय? आमच्या संग्रामच्या गावात.’’

‘‘परतीचा? कुठला परतीचा?’’

‘‘दुसरा हो. पहिला इथं झाला न्हवं का.’’

रिसबूड बोलका माणूस. पण त्या दिवशी त्यांनी आधी कप खाली ठेवला. ‘‘साहेब, यंदा परतीचे सामनेच नव्हते. लीग इतकी उशिरा सुरू झाली, वेळ कुठून आणणार? म्हणून एकेरी फेरी ठेवली. चौदा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं. कुणाच्या घरी ते आधीच ठरवून टाकलं होतं. तेरा सामने की संपलं. गेल्या रविवारी लीगच संपली.’’

‘‘संपली?’’

‘‘हो. आणि संग्रामनं...’’ रिसबुडांनी मोबाइल काढला, पण पुढे केला नाही. ‘‘परवा त्यानं निवृत्ती जाहीर केली. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. अख्ख्या महानगराला ठाऊक आहे.’’

‘‘मग मला कुणी सांगितलं का नाही?’’

‘‘तुम्हाला कोण सांगणार, साहेब? एक तर तुमच्यासमोर तो शब्द काढायची बंदी. आणि दुसरं म्हणजे, सोळा वर्षं ज्यानं संघ घडवला त्याला लीग कशी खेळतात हे बँकेतल्या कारकुनानं शिकवायचं?’’

एरवी ही बातमी दुपारच्या आत सतरा घरांत गेली असती. रिसबुडांनी ती स्वतःच्या बायकोलासुद्धा चार दिवस सांगितली नाही. कधी नव्हे ते त्यांना गप्प बसावंसं वाटलं.

सुभेदार घरी आले. मालिनीताई भाजी निवडत होत्या. ‘‘कळली का हो तारीख?’’

‘‘लाव त्याला फोन.’’

मालिनीताईंनी त्यांचा चेहरा बघितला आणि फोन लावला. सुभेदारांनी तो हातात घेतला. सहा वर्षांनी आवाज कानावर येणार होता, आधी कोण बोलणार यावर दोघेही अडले.

‘‘बाबा?’’ शेवटी संग्रामच म्हणाला.

‘‘मला वाटलं, दुसरा सामना असंल,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘मी येणार होतो रे. तुझ्या मैदानावर. मला कुणी सांगितलं नाही.’’

‘‘आई म्हणाली होती, तुम्ही परतीचं काहीतरी बोलताय. मला वाटलं, बहाना है. न येण्याचा.’’

‘‘बहाणा न्हवता. आता परत कधीच खेळणार न्हाईस?’’

‘‘नाही बाबा. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात चालता येईल, जिना चढता येईल. खेळायचं विसरा.’’

सुभेदारांनी आवाज मास्तराचाच ठेवला. ‘‘तेरा सामने झाले न्हवं? मग एकेक सांग. पहिल्यापासून. मी ऐकतोय.’’

आणि संग्राम सांगायला लागला. आधी अडखळत, मग लहानपणी शाळेतून येऊन सांगायचा तसा. पहिल्या सामन्यात पेनल्टी अडवली ती उजवीकडे झेप घेऊन. ‘‘वजन डाव्या पायावर होतं का?’’ सुभेदारांनी विचारलं. ‘‘होतं.’’ ‘‘हां.’’ दुसऱ्यात पावसाने चेंडू निसटत होता. तिसऱ्यात कप्तान बाहेर गेला तेव्हा दंडावरची पट्टी त्याला बांधली. मालिनीताईंनी भाजीची परात बाजूला सारली होती. चौथा झाला, पाचवा झाला. मग संग्राम थांबला.

‘‘सहावा?’’ सुभेदार म्हणाले.

‘‘सहावा लखनऊला होता, बाबा.’’

‘‘मग तो सांग. तोच सांग.’’

‘‘त्यात सांगण्यासारखं काही नाही.’’

‘‘एक गोल खाल्लास म्हणे. कसा गेला?’’

संग्राम आधी हसल्यासारखा झाला. मग त्याला तेही जमलं नाही. ‘‘साधा होता. सीधा हाथ में आ रहा था. मी स्टँडकडे बघत होतो. आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती ना, मला वाटलं, उशिरा का होईना, येताहेत का बघावं.’’

गोलकीपरला सांगायचं एक वाक्य भास्करराव इंगवल्यांनी सोळा वर्षांत हजार पोरांना सांगितलं असेल.

‘‘चेंडूवरची नजर काढायची नसती रे,’’ ते म्हणाले, आणि फोन मालिनीताईंच्या हातात देऊन आत गेले.