सगळ्यांना लागणारे गाऱ्हाणे

गोव्यात हरमलच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीत, देवळात गाऱ्हाणे घालायचे काम गोकुळदासकडे आहे. माणूस देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो, गोकुळदास त्याच्या वतीने देवाशी बोलतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. काम बापाकडून आले, शब्दही तेच: घरात कोणी बोलू नये ते बोलले असेल, कोणी दुखावून उंबरा ओलांडला असेल, मनातले मनातच राहिले असेल, तर देवा तू सांभाळून घे.

इथे माणसे रडतात. खाणीवर ट्रक चालवणारा संदीप रडला आणि बाहेर येऊन त्याने हळूच विचारले, आमच्या घरातले तुम्हाला कोणी सांगितले? कोणी सांगितले नव्हते. बोलू नये ते बोलले गेले नाही असे घर गोकुळदासला माहीत नव्हते. हे त्याने कोणाला सांगितले नाही. आपण फसवतो असेही त्याला वाटले नाही. तो फक्त थकला होता, रोज दुसऱ्याच्या घरची भांडी घासून कोणी थकावे तसा.

त्याच्या मुलाला, रुद्रेशला, काजूची बागायत मोडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. बापाने नाही म्हटले. भांडण झाले, रुद्रेश खाली हरमलला भाड्याने राहू लागला आणि चतुर्थीलाही वर आला नाही. गोकुळदासची बायको विनोदिनी मुलाची पत्रिका घेऊन डिचोलीच्या ज्योतिषाकडे जाऊन आली. त्याने सांगितले, मुलगा मनाने सरळ पण मानी, वरून कठोर दिसतो, आतून घरासाठी झुरतो.

“हुबेहूब आपलो रुद्रेश सांगलो तेणी,” ती म्हणाली. ज्योतिषाने सांगितला तो मुलगा वाडीतल्या कुठल्याही घरातला होता. पण ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होती, म्हणून गोकुळदासने आमटीचे भांडे तिच्याकडे सरकवले.

पुढची चतुर्थी जवळ आली तशी ती आपल्या घरासाठी गाऱ्हाणे घाला म्हणून मागे लागली. त्याने टाळले, मग मनाशी ठरवले की या वेळी सरळ खरे ते बोलायचे आणि देवळातून थेट हरमलला जाऊन मुलाला घेऊन यायचे. सकाळीच त्याने स्कूटरमध्ये पेट्रोल भरले.

देवळात विनोदिनी, पुजारी कृष्णनाथ आणि दोन-चार शेजारी होते. गोकुळदास म्हणाला, “म्हाराजा, माझो झील रुद्रेश बागायतीवरसून भांडान हरमलाक गेलो. मीच ताका भायर हो म्हटलंय. ताका परत घरा हाड.”

कृष्णनाथ अवघडून ‘व्हय म्हाराजा’ पुटपुटला. विनोदिनीचे ओठ हललेच नाहीत.

“ह्यां माका ठावक आसा ओ,” ती म्हणाली. “लोकांका सांगतात तशां सांगा.”

मग त्याने नेहमीचे सुरू केले. घरात कोणी बोलू नये ते बोलले असेल, इथे येताच तिचा आवाज सगळ्यांच्या आधी उठला, व्हय म्हाराजा. मुलगा निघाला तेव्हा दारात ती त्याला काहीतरी म्हणाली होती. काय, ते गोकुळदासला कधी कळले नव्हते. भांडण आपल्या एकट्याचे आहे असेच तो समजून होता.

मनातले मनातच राहिले असेल, असे तो म्हणाला आणि त्याच्याच तोंडून निघून गेले, “व्हय म्हाराजा.” गाऱ्हाणे घालणाऱ्याने होकार द्यायचा नसतो. कृष्णनाथने त्याच्याकडे पाहिले आणि नजर नारळाकडे वळवली.

बाहेर येऊन त्याने स्कूटर चालू केली आणि हरमलला जाऊया का, असे विचारले.

विनोदिनी पदराने चेहरा पुसत होती. तो चेहरा स्वस्थ होता. “आता कित्याक?” ती मागे बसत म्हणाली. “देवाक सांगलां मगे.”

देव रुद्रेशच्या दारात जाऊन उभा राहणार नाही, हे तिला सांगायला हवे होते. पण त्याच्या छातीवरचेही काहीतरी उतरले होते, आणि ते पुन्हा उचलून उतारावरून खाली न्यायचे त्याच्या जिवावर आले. त्याने स्कूटर वर, घराच्या वाटेला वळवली.