चुना मारलेला ढीग

तिसगावच्या स्टँडवर नगरची एसटी लागली तेव्हा आईने माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं, आणि आण्णा रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. निरोप द्यायला आले होते की मी खरंच जाते का ते बघायला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी एकोणीस वर्षांची होते. गाडी हलली तरी त्यांनी मान वळवली नाही. आई चार पावलं गाडीबरोबर चालली आणि म्हणाली, "पोरी, तिकडं तरी जरा तोंड आवर."

तोंड काही आवरलं नाही. पुढचं सगळं आयुष्य त्या तोंडावरच निघालं. भोसरीच्या कारखान्यांपुढच्या गेट मीटिंगा, लॉकआउट, लेबर कोर्टाच्या तारखा. तुम्ही भाचरं, कुणी अजून गावात, कुणी पुण्यात, एक तर थेट जर्मनीत. फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, आत्या गावाला का येत नाही? तुमच्या बापाने सांगितलं नाही, म्हणून मी लिहिते. मधेच आण्णांचा, तुमच्या आजोबांचा, राग आला तर कागद बाजूला टाकू नका.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं आणि गावच्या गाव खडी फोडायला बसलं. आण्णा तिथे मुकादम, ओव्हरसियरचा उजवा हात. मी मॅट्रिक झालेली, म्हणून तंबूत बसून हजेरी लिहायचे. मजुरी मापावर असे. लाकडाची बिनबुडाची पेटी जमिनीवर ठेवायची, पाट्यांनी खडी ओतून काठोकाठ भरायची आणि मग पेटी वर उचलून घ्यायची. उरला तो ढीग म्हणजे एक माप. त्यावर चुन्याचं पाणी शिंपडलं की मोजणी पक्की झाली. चुना मारलेल्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही, लावला तर कामावरून नाव कमी. शेंदूर फासलेल्या दगडाला जपावं तसं लोक त्या ढिगांना जपत.

एक दिवस हौसाबाई तंबूपाशी आली. ती बौद्धवाड्यातल्या बायकांच्या टोळीची. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "पोरी, पेटीची जागा साफ करतो म्हनत्यात आन् वीतभर खड्डा घेत्यात. पेटी भरता भरत न्हाई. आमी बोललो तर उद्या चूल बंद."

जागा साफ करायचं काम आण्णांच्या देखरेखीखाली चाले. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि मी ते खरं मानलं असतं, याची मला धास्ती वाटली. मी सरळ नगरच्या युनियनला पत्र लिहिलं.

चौकशीला तहसीलदारांची जीप आली त्या सकाळी पेटीसाठी साफ केलेल्या मोकळ्या जागा सगळ्या बुजवलेल्या होत्या. ओव्हरसियर हसत म्हणाला, "दाखवा की, कुठाय खड्डा?" खड्डे होते ते चुना मारलेल्या ढिगांखाली. पण कुणाचा ढीग मोडायचा? आरोप खोटा ठरला तर त्या टोळीचे कष्ट मातीत जाणार, आणि दुष्काळात काम जाणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या पोटाचा जुगार कशाला, म्हणून मी आमच्याच टोळीच्या, आई खडी फोडायची त्या ढिगाकडे गेले.

आई ओरडली, "त्यो नगं! त्यो नगं, गं!"

मला वाटलं, नाव कमी होईल म्हणून भ्याली. मी पांढऱ्या खडीत हात घातला. आण्णा काठी घेऊन दोन हातांवर उभे होते. ते मला अडवतील म्हणून माझी पाठ ताठ झाली होती, पण ते हलले नाहीत. नखं फुटेस्तोवर उपसलं. तळ लागला. जमीन अगदी सपाट होती.

ओव्हरसियर मोठ्याने हसला. आण्णांनी खाली मान घातली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच क्षणी तो सगळ्या बायकांच्याही डोक्यात पडला असावा, कारण त्या आता ओव्हरसियरकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आईला सगळं माहीत होतं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

मग हौसाबाई पुढे आली. "आता आमचा उपसा," म्हणाली, आणि माझी वाट न बघता स्वतःच खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या ढिगाखाली वीतभर खड्डा निघाला. पुढच्याखालीही निघाला. पंचनामा झाला, ओव्हरसियर गेला आणि आण्णांची मुकादमकी गेली. दुसऱ्या दिवसापासून ते हातोडा घेऊन आईशेजारी खडी फोडायला बसले.

त्या संध्याकाळी घरात ते एवढंच बोलले, "तुमच्यापुरतं तरी म्या सपाट ठिवलं हुतं."

त्यांनी आमच्याही ढिगाखाली खड्डा घेतला असता तर मी त्यांच्याशी भांडून तिथेच राहिले असते. पण ही माया मला सोसेना. ताटातली भाकरी बघितली की हौसाबाईच्या पाट्या आठवायच्या. आठ दिवसांनी मी ती एसटी धरली.

पुढे भोसरीत आम्ही कामगारांनी मिळून वसाहत बांधली, एका रांगेत सारख्या खोल्या. आई गेल्यानंतर आण्णा एकदाच तिथे आले. चहाला नको म्हणाले. भिंतीला टेकून खाली बसले आणि फरशीवरून तळहात फिरवत राहिले.

"समद्यांच्याच अशा हायेत का?"

"व्हय, आण्णा. शेजारी हौसाबाईची लेक राहती. तिचीबी अशीच."

ते उठले, चपला न घालताच बाहेर गेले आणि शेजारच्या दारात उभं राहून त्यांनी पाणी मागितलं. गावात असताना त्यांनी बौद्धवाड्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. तिने तांब्या दिला आणि ते उभ्याउभ्याच सगळं पाणी प्यायले.

गावाकडचं घर तुम्ही सांभाळलंत, बरं केलंत. पण माझं घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मी शेजारणीचा तो उंबरा दाखवते.