मास्तरांनी गिरवलेली सरहद्द

डोक्यावरून विमान गेलं की मास्तर वाक्य अर्धवट सोडून टेबलाखाली वाकत. मग पेन सापडल्यासारखं करून उठत आणि म्हणत, “बोला, ब्रदर.”

असा सिक्युरिटी गार्ड तुमच्याही ऑफिसच्या रिसेप्शनवर असेल. आमचे इंग्लंडातल्या ब्रॅकनेलचे गार्ड पूर्वी हार्गेसा शहरात भूगोल शिकवायचे, म्हणून आम्ही दोघं-तिघं मराठी त्यांना मास्तर म्हणायचो.

अठ्ठ्याऐंशी साली उत्तर सोमालियातलं बंड मोडायला सरकारनं त्यांच्या शहरावर बॉम्ब टाकले. विमानं उडायची त्याच शहराच्या विमानतळावरून. “पेट्रोलची केवढी बचत!” मास्तर म्हणत. शाळेच्या पटांगणात त्यांनी तीन मुलं एकाच चादरीत बांधली, कारण ती वेगवेगळी करता येत नव्हती. शहराबाहेर पळताना पुन्हा विमान आलं, गर्दी फुटली आणि बायकोचा हात सुटला. तो सुटलाच.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात त्यांच्या भागानं सोमालीलँड हे वेगळं राष्ट्र जाहीर केलं. जगातल्या एकाही सरकारला ते दिसलं नाही. मास्तरांनी रिसेप्शनमागच्या नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढली. नकाशा कंपनीच्या शाखा मिरवायला लावलेला. आफ्रिकेत एकही नव्हती. तरी मॅनेजर तणतणत आले.

“हे कुणाच्या परवानगीनं?”

“तुमच्याच, सर. ही सरहद्द ब्रिटिशांनी आखलेली. मी फक्त गिरवली.”

मी पेढे नेले. महाराष्ट्र झाला तेव्हा वडिलांनी वाटले होते. राज्य झालं की पेढे, एवढंच मला ठाऊक. वर विद्वत्ताही पाजळली. “आमच्याही राज्यासाठी शंभरावर माणसं गोळीबारात गेली. तुमची किती?”

मास्तरांनी हातातला पेढा डब्यात परत ठेवला. “वर्गातली सांगू, की गल्लीतली?” मग हळू आवाजात, “एक नाव मेलेल्यांत लिहायचं की जिवंतांत, तेच कळत नाही, ब्रदर. बघून येतो.”

“मास्तर, अहो, नका जाऊ. घराघरांत सुरुंग पेरलेत म्हणे.”

“माझ्या घराला दोन दारं आहेत. एक तरी विसरले असतील.”

ते गेले. हिवाळ्यात हार्गेसाहून पत्र आलं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. माझा पत्ता मास्तरांनी शेजाऱ्याकडे ठेवला होता. पत्र त्यांच्या बायकोचं होतं. तीन वर्षं ती इथिओपियातल्या छावणीत होती. ती परतली तेव्हा मास्तरांना पुरून अकरा दिवस झाले होते. ते मागच्या दारानं आत शिरले होते.

शेवटी तिनं एवढंच विचारलं होतं : तिकडे त्यांच्याशी कुणी बोलायचं का?