हिंचक्यावरची आईची जागा

मंडळी, आज दुपारी घरी घडलेलं सांगतो.

आई गेल्यापासून बाबा हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, एका कडेलाच बसतात. उरलेली जागा आईची. तिथे कुणी पेपर ठेवला तरी उचलतात. चहा आला की त्या बाजूला वळून म्हणतात, "आज साखर जास्त पडलीय." मला काळजी वाटायला लागली होती. उद्या त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं.

आज माझी लेक ईरा त्यांना टीव्हीवर एक जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, दाखवत होती. खेड्यातलं घर, सावकाश चाललेले दिवस, आणि स्वयंपाकघरात रोज येऊन बसणारी एक वारलेली बाई. तिला कुणी घाबरत नाही, तिच्यापुढेही कप ठेवतात. खाली बसलेली ईरा पडद्यावरच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगत होती.

"आजोबा, ती भूत आहे हं."

"भूत काय म्हणतेस? चहाला आलीय बिचारी. घरचीच आहे."

भाग संपल्यावर ईरा उठली आणि हिंचक्यापाशी थांबली.

"आजोबा, इथे बसू? की आजी बसलीय?"

मी आतून ऐकत होतो. आता बाबा चिडणार, असंच वाटलं.

बाबा हसले. "बस ने. सरकेल ती जरा."

आई गेल्यानंतर त्या जागेवर पहिल्यांदा कुणीतरी बसलं. पुढचा भाग दोघांनी झोके घेत पाहिला.

डॉक्टरांची उद्याची वेळ मी अजून रद्द केलेली नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर त्यांना नेलं असतं का?