टोट्टोरीची वाळू आणि नवऱ्याची घसरगुंडी

दिवाळीच्या जोडसुट्टीत सिंगापूरहून जपानला जायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली: जिथे रांग नसेल तिथेच जायचं. म्हणून टोट्टोरी. जपानमधला सगळ्यात कमी वस्तीचा प्रांत.

ओसाकाहून ट्रेनने साधारण अडीच तास. डोंगरच डोंगर, मध्ये भाताची खाचरं, मग एकदम समुद्र. शाकाहाऱ्यांनी मेतकूट न्यावं. इथे खेकड्यांचं राज्य आहे. स्टेशनवरून बस वाळूच्या टेकड्यांपाशी सोडते. परतीची वेळ आधी बघून ठेवा.

सगळ्यात उंच टेकडीवर माझा नवरा समीर म्हणाला, "वाळू मला नका शिकवू. मी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर काम करतो, अर्धं बेट समुद्रात टाकलेल्या भरावाचं आहे!" आणि समुद्राच्या बाजूने धावत खाली उतरला. उतरला तो उतरलाच. परत चढताना एक पाऊल वर, दोन खाली. तेवढ्यात लांबवर आमची बस निघालेली दिसली. ट्रेन चुकली असती तर विमानही गेलं असतं.

"पप्पा, क्रॉल लाह!" आमची नऊ वर्षांची ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

समीर चक्क रांगत वर आला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या फुमिकोबाई जवळच शेती करायच्या. आमची तोंडं बघून त्यांनी व्हॅनचं दार उघडलं.

वाटेत जांभळ्या फुलांचं शेत लागलं. "राक्क्यो," त्या म्हणाल्या. लसणीएवढा कांदा, त्याचं लोणचं घालतात. बाकीचं मोबाइलने मराठीत सांगितलं: वाळूत दुसरं फारसं येत नाही, मुलं ओसाकाला गेली, काढणीला माणसं मिळत नाहीत.

"सिंगापूरमध्ये काय पिकतं?" त्यांनी विचारलं.

समीरने डोकं खाजवलं. "जमीन."

मोबाइलने ते जपानीत सांगितलं. बाई इतक्या हसल्या की व्हॅन बाजूला घ्यावी लागली. "मग आमची वाळू न्या!"

"नो, नो! टेकडीपाशी बोर्डवर लिहिलंय, अलाउड नाही!" ईरा किंचाळली, आणि समीरने उतरून शेताच्या बांधावर मुकाट बुटांतली वाळू झटकली.

ट्रेन मिळाली. निघताना बाईंनी लोणच्याची बरणी दिली.

सिंगापूरला परतल्यावर, बिशानमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "हॉलिडे कुठे?" सहा वर्षांत आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलं नव्हतं. समीरने रांगण्यापासून सुरुवात केली. आमचा मजला आला, दार उघडलं, मिटलं. कोणीच उतरलं नाही. काकू म्हणाल्या, "मग? बस गेली, पुढे?"