दोघांत एक खोली

सहदेव घाडी या माणसाबद्दल त्र्यंबक ओगल्यांना फारच थोडं ठाऊक होतं. वय कधी विचारलं नव्हतं. मूळ गाव कणकवलीच्या बाजूला कुठेतरी, पण नाव लक्षात राहिलं नाही. शहाडला दोन खोल्यांत राहायचे, कारखान्यात फिटर होते, बायको गोदूबाई चार वर्षांपूर्वी गेली, आणि झोपताना चपला पलंगाखाली जोडीने, टाचा भिंतीकडे करून ठेवायचे. एवढंच. नऊ रात्रींच्या सहलीतल्या सहा रात्री दोघांनी एका खोलीत काढल्या. तेवढ्यावर माणूस ओळखला म्हणणं म्हणजे बसच्या काचेतून दिल्ली बघून देश पाहिला म्हणण्यासारखं.

फेब्रुवारीत सहलीच्या ग्रुपवर घाडींच्या मुलाचा, सुदेशचा संदेश आला. बाबा गेले, शहाडच्या घरी, झोपेत. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी फोन केला. पाठोपाठ हात जोडलेली चित्रं आली. मग कुणीतरी सुचवलं, घाडीकाकांच्या आठवणी लिहा. आठ-दहा जणांनी लिहिल्याही. आमच्या खोलीतला नळ दुरुस्त केला, आमच्या आईला हरिद्वारच्या पायऱ्या हाताला धरून उतरवलं, असं काय काय. त्र्यंबकरावांनी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. त्यांना जे लिहायचं होतं ते दहा माणसांसमोर मांडण्यासारखं नव्हतं. घाडी शहाडला एकटे राहिले त्याला आपण थोडेफार कारण आहोत, असं त्यांना वाटत होतं, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर ही सहल निघाली होती. आग्रा, मथुरा, हरिद्वार, मसुरी, दिल्ली. ठाण्याची कंपनी, बरोबर कंपनीचाच आचारी, त्यामुळे ताजमहाल बघून आल्यावरही पानात वरणभात आणि भरली वांगी. त्र्यंबकराव डोंबिवलीहून एकटेच आले होते. पत्नी सरोजताई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यानंतर ते कल्याणच्या पुढे गेले नव्हते. अशा सहलीत एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्या माणसाबरोबर खोली देतात. कंपनीचे लोक त्याला ट्विन शेअरिंग म्हणतात. यादीत त्र्यंबकरावांच्या नावापुढे सहदेव घाडी हे नाव होतं.

घाडी मात्र एकटे आले नव्हते. मुलगा सुदेश, सून सोनल आणि नऊ वर्षांची नात संचिता असं सगळं कुटुंब बरोबर होतं. ते तिघे एका खोलीत, घाडी इकडे. त्र्यंबकरावांना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण विचारायचं कसं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. ते कुणालाच काही विचारत नसत. विमा कंपनीत छत्तीस वर्षं काढली ती समोरच्या टेबलावरच्या माणसाला ‘पंखा जरा कमी करता का’ एवढंही न म्हणता.

आग्र्याच्या हॉटेलच्या नावात पॅलेस होतं आणि खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागत होती. सामान ठेवल्याबरोबर घाडी बाथरूममध्ये शिरले. सगळे नळ सोडून बघितले, बंद करून बघितले, कान लावून ऐकलं. मग बॅगेतून चष्म्याचं जुनं घर काढलं. आत चष्मा नव्हता. छोटा स्क्रू-ड्रायव्हर, चार वॉशर आणि पांढऱ्या टेपचं रीळ होतं.

‘‘काय करताय?’’ त्र्यंबकरावांनी विचारलं.

‘‘गळतोय साहेब. वॉशर गेलाय.’’

‘‘परवा तर आपण जाणार इथून.’’

‘‘आपण जाऊ. नळ इथेच आहे ना.’’

मथुरेचं हॉटेल सगळ्यांत वाईट निघालं. चादरी ओलसर, गिझर सुरू केला की दिवे जायचे, आणि सकाळी गरम पाणी खालून बादलीने यायचं, खोलीला एक बादली. त्र्यंबकराव उठायचे तेव्हा घाडींची आंघोळ झालेली असायची आणि बादली काठोकाठ भरलेली असायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की माणूस गार पाण्याने आंघोळ करतोय. त्यांनी तसं म्हटलं तर घाडी म्हणाले, ‘‘कारखान्यात जन्म वाफेजवळ गेला साहेब, मला गारच बरं वाटतं.’’

आणि घाडी घोरायचे. साधं घोरणं नव्हे. दूर कुठे तरी पाण्याचा पंप लावल्यासारखा एकसुरी, दमदार आवाज. पहिल्या रात्री त्र्यंबकराव दचकले. दुसऱ्या रात्री आवाज सुरू होण्याची वाट बघत पडले, आणि सुरू झाला तसे गाढ झोपले. डोंबिवलीच्या घरात दोन वर्षं फ्रीजशिवाय रात्री कसलाच आवाज नव्हता. शेजारी कुणी आहे एवढं कानाला कळलं की झोप येते, हे त्यांना सत्तराव्या वर्षी समजलं.

संध्याकाळी संचिता पत्त्यांचा जोड घेऊन यायची. तिघे भिकार-सावकार खेळत. ‘‘ओगलेआजोबा, तुम्ही मुद्दाम हरता,’’ ती म्हणायची. ‘‘त्यांना येतच नाही खेळायला,’’ घाडी म्हणायचे, ‘‘ते हरतात तेही चुकूनच.’’ असं कुणी त्यांची टिंगल करून किती वर्षं झाली होती.

हरिद्वारचं हॉटेल साधं पण लख्ख होतं. दुपारी जेवून सगळे पडले होते. घाडी खिडकीची कडी घट्ट करत होते. पाठमोरेच म्हणाले, ‘‘साहेब, एकटे राहता ते जमतं का हो?’’

‘‘जमतं,’’ त्र्यंबकराव म्हणाले. मग म्हणाले, ‘‘जमवायचं.’’

‘‘सुदेश म्हणतो, शहाडची खोली देऊन टाकू, बाबा, तुम्ही आमच्याकडे या. घोडबंदर रोडला घेतलाय त्याने, एकोणिसावा मजला. सोनल म्हणाली, आधी सहलीला जाऊ, दहा दिवस सगळे एकत्र राहू, मग बाबांना काय वाटतं ते त्यांनी सांगावं. चांगलं बोलली पोरगी. आता बघा, ते तिघे तिकडे आणि मी एकत्र राहतोय तुमच्याबरोबर.’’ ते हसले, पण कडी उगाचच पुन्हा पिळली.

‘‘मग त्यांना सांगा ना.’’

‘‘काय सांगू? मला तुमच्या खोलीत घ्या? हे काय आपल्या तोंडाने सांगतात?’’

‘‘उत्तर कधी द्यायचंय?’’

‘‘कल्याणला उतरायच्या आत. खोलीला गिऱ्हाईक आहे, ते थांबलंय. गोदू असती तर तिला एका जेवणात कळलं असतं, आपण जड होतोय की नाही ते. मला नाही कळत. मला मशीन दाखवा, आवाजावरून सांगतो. माणसांचं ती बघायची.’’ मग वळून म्हणाले, ‘‘हे आपल्यातच ठेवा साहेब.’’

मसुरीचा घाट चढताना बसमध्ये अंताक्षरी चालली होती आणि त्र्यंबकराव एक वाक्य घोकत होते. आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये पडले नव्हते, पण या माणसासाठी पडायचं त्यांनी ठरवलं. घाडींनी सांगितलं ते उघड करायचं नाही, नुसतं सुचवायचं. हॉटेलात किल्ल्या वाटल्या जात असताना त्यांनी सुदेशला गाठलं.

‘‘सुदेश, जरा... तुमच्या वडिलांची सोय तुमच्याच खोलीत झाली तर बरं होईल, असं मला वाटतं.’’

सुदेशचा चेहरा उतरला. ‘‘तुम्हाला त्रास होतोय का काका?’’

‘‘नाही, त्रास असा नाही.’’

‘‘घोरतात ना ते. सॉरी काका, मला आधीच कळायला हवं होतं. तुम्ही सहा रात्री काही बोलला नाहीत.’’

‘‘नाही हो, तसं काही विशेष नाही,’’ त्र्यंबकराव म्हणाले. आपलं बोलणं भलतीकडे निघालंय हे त्यांना दिसत होतं, पण घोकलेलं वाक्य संपलं होतं आणि दुसरं तयार नव्हतं. सुदेश तोवर काउंटरवर जादा गादी सांगायला गेलाही.

त्र्यंबकराव खोलीत आले तेव्हा घाडी बॅग पुन्हा बंद करत होते. दारात सुदेश उभा होता.

‘‘माफ करा साहेब,’’ घाडी म्हणाले. ‘‘मला निदान एकदा हलवायचंत. गोदू कोपर मारायची.’’

‘‘घाडी, त्यासाठी नाही हो.’’

‘‘असू दे. तिची गोष्ट वेगळी, तिला सवय होती. परक्याने का सोसावं?’’

खरं काय ते सांगायचं तर हरिद्वारची गोष्ट काढावी लागली असती, आणि ज्याच्यापासून ती लपवायची तोच दारात उभा. त्र्यंबकराव नुसते म्हणाले, ‘‘वर थंडी आहे. शाल घ्या.’’

ती खोली सगळ्या सहलीतली सर्वांत चांगली होती. मोठी काच, काचेत डोंगरांच्या रांगा, जाड दुलई, आणि दोन पलंगांत माणूस एक. त्र्यंबकरावांना दोन्ही रात्री झोप लागली नाही.

दिल्लीला निघायच्या सकाळी नाश्त्याला संचिता त्यांच्या शेजारी येऊन बसली. ‘‘आजोबा दोन्ही रात्री खुर्चीत बसलेले,’’ तिने पोह्यातले दाणे वेचत सांगितलं. ‘‘माकडटोपी घालून. मी म्हटलं झोपा ना, तर म्हणाले, डोंगर बघतोय. रात्री कुठे डोंगर दिसतात?’’

घाडींना तिघांजवळ गादी मिळाली होती आणि त्यांनी तिच्यावर पाठ टेकली नव्हती.

दिल्लीचं हॉटेल झकपक होतं, कार्ड लावल्याशिवाय दिवा लागत नव्हता. लिफ्टपाशी दोघे समोरासमोर आले. घाडींचे डोळे लाल होते. ‘‘आता लागते ना झोप शांत?’’ त्यांनी मनापासून विचारलं.

नाही म्हणायला काय झालं होतं? पण नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागणार. तुमच्या घोरण्याशिवाय मला झोप येत नाही, हे एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला लिफ्टच्या दारात कसं सांगायचं? लोक हसतील, घाडी स्वतःच हसतील.

‘‘लागते,’’ त्र्यंबकराव म्हणाले.

परतीच्या गाडीत इगतपुरी सोडल्यावर घाडी त्यांच्या बाकावर येऊन बसले. पलीकडच्या डब्यात त्यांची मंडळी सामान आवरत होती.

‘‘सांगून टाकलं सुदेशला. शहाडच बरं.’’

‘‘का?’’

‘‘पोरीची शाळा सकाळची. सोनलचं रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर काम. त्यात हे इंजिन रात्रभर चालू, भिंती तर कागदाच्या. तुमच्यासारखा माणूस, कधी कुणाला एका शब्दाने न बोलणारा, तो सहा रात्रींत कंटाळला. ती तर पोरं आहेत. तोंडावर बोलणार नाहीत, मनात कुढतील. तुमच्यामुळे वेळेवर कळलं, बरं झालं.’’

‘‘सुदेश काय म्हणाला?’’

‘‘म्हणाला, बाबा, असं नका करू. मग बाटली तोंडाला लावून बराच वेळ पाणी पीत राहिला.’’

गाडी बोगद्यात शिरली. अंधार झाला, एकमेकांची तोंडं दिसेनात. बोलायला याहून सोपी जागा मिळाली नसती. अजून कल्याण आलं नव्हतं, उत्तर फिरवता आलं असतं. त्र्यंबकरावांनी शब्द जुळवले: घाडी, माझी चूक झाली. तुम्ही कुणाला जड नाही. या दोन वर्षांत मी झोपलो ते त्या सहा रात्रीच. सगळं तयार झालं, ओठापर्यंत आलं, आणि बोगदा संपला. उजेडात घाडींचा शांत, निर्णय झालेला चेहरा दिसला.

‘‘कसारा येईल आता,’’ त्र्यंबकराव म्हणाले.

‘‘हो. आलंच,’’ घाडी म्हणाले.

कल्याणला उतरल्यावर सुदेशने वडिलांना आपल्या टॅक्सीत बसायचा आग्रह केला. तुम्हाला आधी शहाडला सोडतो, मग आम्ही शीळफाट्यावरून घरी जातो म्हणाला. ‘‘उलटा फेरा कशाला? पोरगी दमलीये,’’ घाडी म्हणाले. संचिताने दोघांना हात केला आणि ती मंडळी गेली. ग्रुपमधले बाकीचेही पांगले. स्टेशनबाहेर दोन म्हातारे आपापल्या बॅगेला धरून उभे राहिले, एक शहाडचा, एक डोंबिवलीचा. सकाळचे अकरा वाजले होते. कुणाच्याच घरी कुणी वाट बघत नव्हतं.

घाडींनी समोरच्या टपरीकडे पाहिलं.

‘‘चहा घेऊ या का साहेब?’’

चहा घ्यायचा म्हणजे समोरासमोर बसायचं, आणि बसलं की बोलावं लागणार.

‘‘नको,’’ त्र्यंबकराव म्हणाले, ‘‘उशीर होतोय.’’

‘‘बरं. सावकाश जा मग.’’

‘‘हो. तुम्हीपण.’’