कंपाउंडर आणि पिवळा दिवा

गल्लीत त्यांना नावानं कोणीच ओळखत नसे. डॉक्टरांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं पुड्या बांधल्या म्हणून ते कंपाउंडर, आणि निवृत्त झाले तरी कंपाउंडरच. निवृत्तीनंतर माणसं बागकामाला लागतात, हे गाड्यांच्या मागे लागले. त्याला कारण झालं काडेपेटीएवढं एक यंत्र. स्वस्तात मिळालं होतं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं ते खुपसायचं, की गाडीच्या पोटातलं दुखणं मोबाइलवर उमटतं: एक अक्षर आणि चार आकडे. झालं! कंपाउंडरांचे एका दिवसात डॉक्टर झाले.

शेजाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागली. वहीत प्रत्येक गाडीचा केसपेपर तयार झाला. एखादा मालक सांगू लागला, "चढावर जरा खडखड होते हो..." की कंपाउंडर हात वर करत. "तुम्ही बोलू नका. पेशंट खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही." त्यांच्या डॉक्टरांची रीत अगदी उलटी होती. नाडीला हात लावण्याआधी ते "काय होतंय?" असं विचारत आणि ऐकत बसत. कंपाउंडरांना तो निव्वळ वेळेचा नाश वाटे.

गल्लीतल्या गाड्या सुधारल्या, घरच्या गाडीत बिघाड झाला की स्टिअरिंगपुढे लागणारा पिवळा दिवा मात्र त्यांना जुमानेना. गाडी नावाला त्यांची होती, चालवायची बायको. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकली होती. नवऱ्याकडून शिकली नाही, म्हणूनच शिकली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती पलीकडच्या गावात थोरल्या बहिणीकडे जायची. ताईची दृष्टी गेली होती, तिला ही दोन तास वाचून दाखवायची. त्या गावाला बस जात नव्हती.

यंत्राचं म्हणणं, पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळतेय. कंपाउंडरांनी नळी बदलली, झडप बदलली, टाकीला नवं झाकण आणून बसवलं. थोडे दिवस दिवा गप्प, मग पुन्हा डोळे वटारून हजर. शेवटी त्यांनी सोपा मार्ग धरला. दोष पुसून टाकायचीही सोय त्या यंत्रात असते. दिवा लागला, की बायको चहा ठेवेपर्यंत हे अंगणात जाऊन तो पुसून येत. "बघ, विझला की नाही?"

गाडीच्या वार्षिक तपासणीच्या सकाळीही त्यांनी तेच केलं. तपासनीस बाईंनी आपलं यंत्र जोडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"आज सकाळीच पुसलंय ना हे?"

"दिवा विझलेला आहे की!"

"काका, दिव्याबरोबर गाडीची आठवणही धुऊन काढलीत तुम्ही. आता मला काही दिसतच नाही. पंधरा दिवस चालवा आणि मग आणा. तेव्हा दिवा लागलेला असला, तर ही गाडी रस्त्यावर आणायची नाही."

घरी परतल्यावर फाटक उघडताना बायको एवढंच म्हणाली, "गाडी गेली तर ताईला कोण वाचून दाखवणार?"

कंपाउंडर वही घेऊन बसले आणि जुन्या तारखा जुळवताना एकदम ताठ झाले. दर वेळी पेट्रोल भरलं, की दोन-चार दिवसांत दिवा! भेसळ! दुसरं काय असणार? पंपवाल्याला रंगेहाथ पकडायचं ठरवून पुढच्या खेपेला ते बायकोबरोबर निघाले.

त्या पंपावर पेट्रोल आपलं आपणच भरायचं असे. कंपाउंडर गाडीत बसून आरशातून चोर शोधत होते. आरशात दिसली बायको. तिनं नळी जागेवर टांगली, झाकण लावलं, अर्धा आटा फिरवला आणि ओठ घट्ट मिटून थांबली. डाव्या हातानं करून पाहिलं, तेही जमेना. उजवं मनगट पोटाशी धरून क्षणभर उभी राहिली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं येऊन बसली.

ते झाकण टकटक वाजेपर्यंत पिळायचं असतं, नाहीतर वाफ गळते, हे कंपाउंडरांना पाठ होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांनी भाषणाला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच.

"काय होतंय?"

ती दचकली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण हा प्रश्न तिला नवा होता.

"मनगट दुखतंय. चार महिने झाले."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर किल्ली काढून घेतली असतीत. आणि मी तोंड उघडलं, की तुम्ही हात वर करता. पेशंट खोटं बोलतो म्हणे!"

कंपाउंडरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मुकाट उतरले आणि झाकण पिळलं. टक, टक, टक. मग गाडी घरी न जाता दवाखान्यात गेली. मनगटाला पट्टा मिळाला. गाडी चालवायला हरकत नव्हती, पण पिळणं-मुरगळणं बंद. तेव्हापासून झाकण आणि धुतलेल्या चादरी, दोन्ही पिळायचं काम कंपाउंडरांकडे आलं.

पंधरा दिवसांनी तपासनीस बाईंनी कागदावर शिक्का मारला. "पास! काय निघालं हो शेवटी?"

बायकोनं पट्ट्याचा हात हळूच पर्सखाली घेतला. कंपाउंडरांनी ते पाहिलं.

"झाकण सैल राहत होतं," ते म्हणाले. "माझ्याकडून."

"एवढं यंत्र घेऊन फिरता काका, आणि साधं झाकण?"

"हो ना," म्हणत कंपाउंडर शेजारच्या सीटवर जाऊन बसले, आणि बायकोनं गाडी ताईच्या गावाकडे वळवली.